गोधडीला वेळ कोणी द्यायचा?

नोकरी आणि संसार सांभाळून कला कशी जोपासावी, हा प्रश्न अलीकडे वारंवार ऐकू येतो. शिक्षिका, कचेरीत काम करणारी कारकून, महाविद्यालयात जाणारी विद्यार्थिनी अशा अनेकींपुढे तो उभा असतो. त्यावर मिळणारे उत्तरही ठरलेले आहे. पहाटे लवकर उठावे, दिवसाचे वेळापत्रक आखावे, आवड असली की सवड मिळतेच. या उपदेशात एक गृहीत दडलेले आहे. वेळ काढणे ही जिला आवड आहे तिची एकटीची जबाबदारी. घराने, शाळेने वा बाजाराने त्यासाठी काही करावयाचे नाही. हे गृहीत कितपत खरे आहे, हे तपासावयाचे असेल तर आपल्या घरातल्या गोधडीसारखे दुसरे उदाहरण नाही. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ही कला पिढ्यानपिढ्या कामाच्या रगाड्यातच जगली, आणि आज त्याच रगाड्यात ती गुदमरू लागली आहे. असे का व्हावे?

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुक हे गाव विचारासाठी समोर ठेवू. मंचरच्या बाजारपेठेला लागून असलेल्या टापूतील हे जुने, नावाजलेले गाव. शेजारच्या पारगावचे नाव सरकारी दप्तरात आजही ‘पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक’ असे लिहिले जाते, यावरून जुन्या महसुली व्यवस्थेतील त्याचे स्थान लक्षात यावे. अशा गावातील कोणत्याही जुन्या घरात उतरंड, जाते आणि पाटा-वरवंटा यांच्याइतकीच गोधड्यांची चळत ही घराची ओळख असे. उतरंड गेली, जाते अंगणात पडले. गोधडीची चळत मात्र अजून कुठे कुठे शिल्लक आहे. म्हणूनच तिच्याविषयी वेळेवर बोलले पाहिजे.

कामात धरलेली कला

गोधडी कशी होते, हे वाचकांपैकी अनेकांनी पाहिलेले असेल. जीर्ण झालेली, पण धुवून मऊ झालेली सुती लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरावयाची. आत फाटक्या कपड्यांची भर घालावयाची. वरच्या अंगाला त्यातल्या त्यात बरे लुगडे, किंवा परकर, सदरे, खण यांचे जपून ठेवलेले तुकडे लावावयाचे. सुरकुती राहू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून लांब टाक्यांनी सारे थर टाचून घ्यावयाचे, आणि मग कडेपासून आत आत जाणाऱ्या ओळींनी धावदोरा घालीत सुटावयाचे. दक्षिण महाराष्ट्रात हिलाच वाकळ म्हणतात, तान्ह्या बाळासाठी शिवले की तेच दुपटे होते. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकातील कौदी या साऱ्या तिच्याच बहिणी. महाराष्ट्रातील गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे, यावरून हा विषय अभ्यासकांनाही क्षुल्लक वाटत नाही हे दिसते.

हे सारे निव्वळ उपयोगाचे काम होते असे कोणी म्हणेल. परंतु दोन गोधड्या कधी सारख्या नसतात, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. इरकली लुगड्याचा लाल काठ कोणत्या बाजूला यावा, निळ्या तुकड्याशेजारी पिवळा ठेवावा की पांढरा, मधोमध चौकोन असावा की पट्टे, हे ठरविताना थंडीचा विचार कामाला येत नाही. ऊब कोणत्याही मांडणीने सारखीच मिळते. मांडणी ठरते ती शिवणारीच्या नजरेने, आणि ही निवड म्हणजेच कला. ती करणारीला कलावंत म्हणण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती एवढेच.

आणि गंमत अशी की, तिला कलावंत म्हटले जात नव्हते म्हणूनच तिला वेळ मिळत होता. गोधडी शिवणे हे काम समजले जाई. पुस्तक घेऊन बसलेली सून डोळ्यांवर येई. गोधडी घेऊन बसलेली सून कामाची ठरे. घराला पांघरूण हवे होते, म्हणून दुपारचे दोन तास ओसरीवर बसून रंगांशी खेळण्याचा हक्क तिला बिनबोभाट मिळाला होता. शेजारणी टाके घालू लागत, सुखदुःखे बोलली जात, लहान मुली सुईत दोरा ओवता ओवता शिकत. काम, कला आणि संगत यांचा मेळ घालण्यासाठी तिला कोणाचा उपदेश ऐकावा लागला नाही. तो मेळ त्या जीवनाच्या रचनेतच होता.

या जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. गोधडी ही गरिबीचीही खूण होती. विकतचे पांघरूण परवडत नव्हते म्हणून चिंध्या सांधाव्या लागत. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत, ते त्यांच्या अंगावरील ठिगळांच्या वस्त्रामुळे. आणि ते वस्त्र महाराष्ट्रातील दरिद्री माणसाचा वेश होते. त्या बाईला गोधडीसाठी दुपार मिळे, पण शाळेची सकाळ मिळत नव्हती. तेव्हा जुने दिवस परत यावेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्न इतकाच की, गरिबी जाताना तिच्याबरोबर कलेची दुपारही का जावी?

पाणी आले, सवड गेली

या प्रश्नाचे निम्मे उत्तर शेतीच्या बदलात आहे. गोधडीला एक ठरलेला हंगाम होता. पावसावरच्या शेतीत रब्बीची मळणी आटोपली की मृगाच्या पेरणीपर्यंत शेतावर फारसे काम उरत नसे. ऊन कडक, कपडे धुतले की खणखणीत वाळलेले, अंगण कोरडे; हाच गोधडीचा काळ. पाऊस सुरू होण्यापूर्वी घरातली पांघरुणे सिद्ध व्हावयाची.

पुढे घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले. त्याच्या जलाशयाला आंबेगाव तालुक्याचेच सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले गेले. कालव्यांनी, नदीवरील बंधाऱ्यांनी आणि विजेच्या पंपांनी तालुक्याच्या पूर्व भागाचे रूप पालटले. बाजरी, मटकी, हुलग्याच्या रानात ऊस उभा राहिला, कांदा-बटाट्याने मंचरची बाजार समिती गजबजली, आणि सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणे हा अनेक घरांचा नेम झाला. या पाण्याने घरे सुधारली, मुले शिकली. त्याविषयी तक्रार करणे कृतघ्नपणाचे ठरेल. तथापि ऊस बारा महिने रानात असतो, गाई बारा महिने धार मागतात आणि कांदा नेमका उन्हाळ्यात काढणीला येतो. ज्या महिन्यांत बायका गोधडी अंथरीत, त्याच महिन्यांत आता कांदा निवडून चाळी भरावयाच्या असतात. पाण्याबरोबर पीक आले आणि पिकाबरोबर उन्हाळ्याची सवड गेली. ती कोणी हिरावून घेतली नाही. ती कामाने भरून गेली, आणि भरून निघालेल्या कामात बाईचा वाटा किती, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

दुसरा बदल नोकरीचा. तालुक्यातील मुली आता शिकतात. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तर शेजारच्या अवसरी खुर्दलाच आहे. कोणी मंचरला शिक्षिका, कोणी घोडेगावच्या कचेऱ्यांत, कोणी चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत. त्यांचा दिवस एस.टी.च्या वेळेने सुरू होतो आणि परतल्यावर चुलीच्या जागी गॅस असला तरी स्वयंपाक तोच उरतो. तिसरा बदल मालाचा. बाजारात यंत्रावरची ब्लँकेटे स्वस्त मिळू लागली. नऊवारी सुती लुगडे नेसणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या, आणि कृत्रिम धाग्याची साडी ना सुईखाली नीट बसते ना अंगाचा घाम शोषते. चौथा बदल जागेचा. व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेने १९२९ साली, लिहिणाऱ्या स्त्रीला स्वतःची खोली हवी, असे बजावले होते. गोधडीचे मागणे तर अगदी शब्दशः जागेचे आहे. ती अंथरण्याइतकी ओसरी शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात कोठून आणावयाची?

अशा रीतीने गोधडीची गरज संपली. गरज संपताच ती ‘काम’ या सदरातून निघाली आणि ‘हौस’ या सदरात पडली. येथेच खरी मेख आहे. आपल्या कुटुंबात कामाला वेळ द्यावाच लागतो. हौसेला मात्र उरलेला वेळ मिळतो. आणि बाईच्या दिवसात उरलेला वेळ नावाची वस्तू नसते.

तीन तासांचा हिशेब

हे विधान भावनेच्या भरात केलेले नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरची बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रीचे त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि अशी कामे करणाऱ्या पुरुषाची ९७, असे त्या पाहणीत आढळले. २०२४ सालच्या पाहणीत हेच आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ असे आले. दोहोंतील अंतर २०२ मिनिटांवरून २०१ मिनिटांवर आले. पाच वर्षांत आपण एका मिनिटाची प्रगती केली!

हे दोनशे मिनिटांचे अंतर म्हणजे दिवसाचे तीन तास वीस मिनिटे. रोज दोन तास याप्रमाणे दोन महिने बसले, तर सव्वाशेच्या आसपास तास होतात आणि एक चांगली गोधडी त्यात सुखाने पुरी व्हावी. म्हणजे वेळ नाही, असे नाही. तो घरातच आहे. फक्त त्याची वाटणी विषम आहे. पहाटे लवकर उठण्याचा उपदेश हा या वाटणीला हात न लावता तिच्या झोपेतून कलेसाठी वेळ कापून घेण्याचा उपाय आहे.

यावर एक ठेवणीतले उत्तर असते. जात्यावर दळता दळता बायकांनी ओव्या रचल्याच ना? जनाबाईने दळणकांडण करता करता अभंग रचलेच ना? उदाहरण खरे आहे. हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातील डोंगरी गावांपासून आरंभ करून महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. २०१७ पासून त्यांतील पुष्कळशा ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने प्रसिद्ध केल्या. कामातून केवढी कविता निपजली होती, याचा तो अचंबित करणारा पुरावा आहे. परंतु त्याच संग्रहाने दुसरीही गोष्ट शिकविली आहे. पिठाची गिरणी आली, जाते थांबले, आणि ओवी त्याच्याबरोबर थांबली. दळण्याचा वेळ वाचला, पण तो गाण्याला मिळाला नाही. दुसऱ्या कामांनी तो वाटून घेतला. कामाच्या आधाराने वाढलेली कला, काम बदलल्यावर आपोआप टिकत नाही. तिच्यासाठी वेळ मुद्दाम राखून ठेवावा लागतो. ओवीसाठी तो आपण राखला नाही. गोधडीच्या बाबतीत अजून संधी आहे.

आणि जनाबाईचे उदाहरण देणाऱ्यांनी ती कथा पुरती आठवावी. लोकमानसाने जपलेल्या त्या कथेत जनाबाई एकटी दळत नाही. तिच्याबरोबर जात्याला हात लावायला प्रत्यक्ष विठ्ठल येऊन बसतो. ज्या समाजाने ही कथा रचली, त्याला एवढे उमगले होते की, दळणाला दुसरा हात लागल्याखेरीज अभंग पुरा होत नाही.

विक्रीचा उपाय किती खरा?

आज गोधडीविषयी आस्था बाळगणारे बहुतेक जण एकच मार्ग सुचवितात: ती विका. बचत गट आहेत, प्रदर्शने भरतात, शहरातील ग्राहकाला हाताच्या वस्तूचे आकर्षण आहे. हा मार्ग त्याज्य नाही. पैसा हाती आला की घरात बाईच्या शब्दाला वजन येते, आणि हौसेला पुन्हा कामाची प्रतिष्ठा मिळते. पण हिशेब डोळसपणे केला पाहिजे. सव्वाशे तासांची गोधडी दोन हजार रुपयांना गेली, असे धरले तर तासाला सोळा रुपये पडतात. त्यातून कापड-दोऱ्याचा खर्च वजा जावयाचा. शेतावरच्या खुरपणीलाही याहून अधिक मजुरी मिळते. भाव वाढवून मिळाला नाही तर विक्रीतून कला जगत नाही. बाईच्या दिवसात आणखी एका कमी मोलाच्या मजुरीची भर पडते.

दुसरा धोका कलेच्या स्वरूपाला आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची एक गरीब वस्ती आहे. तेथील बाया शेतात राबून घरी आल्यावर जुन्या, विटलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत, आपल्याकडच्यासारख्याच, थंडीसाठी. १९६६ साली त्या परिसरातील बायांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. शहरातील दुकानांना एकसारखा माल हवा असे, म्हणून टाके आणि नमुने ठरवून द्यावे लागले. १९७२ साली सिअर्स या मोठ्या कंपनीकडून जाड कॉर्डरॉय कापडाचे अभ्रे शिवण्याचे कंत्राट मिळाले. त्या कामाने बायांना रोजगार दिला, हे मोलाचेच होते. परंतु आज जगाला जीज बेंड ठाऊक आहे ते त्या अभ्र्यांमुळे नव्हे. त्या कामातून उरलेले तुकडे घरी नेऊन बायांनी आपल्या मनाने ज्या गोधड्या शिवल्या, त्याही आज नावाजल्या जातात. २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांत जीज बेंडच्या गोधड्या भिंतींवर लागल्या, तेव्हा आधुनिक चित्रकलेच्या तोडीचे काम म्हणून समीक्षकांनी त्यांचे स्वागत केले.

यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. कंत्राटाने पोट भरले. कला मात्र जिथे मागणी करणारे कोणी नव्हते, तिथे फुलली. दोन्हींना जागा हवी. विक्रीची गोधडी ग्राहकाच्या पसंतीने होऊ द्यावी, पण स्वतःच्या मनाची एक तरी गोधडी शिवण्याचा वेळ बाईच्या हाती उरला पाहिजे. तोही विकावा लागला तर उरेल ती निव्वळ शिलाई.

करावयाचे काय?

पहिली गोष्ट घरात करावयाची आहे, आणि ती कोणत्याही शासकीय योजनेची वाट न पाहता करता येते. दिवसाचा एक तास घरातल्या बाईचा म्हणून ठरवून टाकावा आणि त्या तासातील काम घरातील दुसऱ्या कोणी करावे. ‘मदत’ या शब्दाने हे साधत नाही. मदत लहरीवर असते, वाटणी नेमाची असते. शिक्षक आणि कारकून वर्गाने यात पुढाकार घ्यावा, कारण त्यांच्या कामाला ठरलेले तास आहेत आणि त्या तासांचे मोल त्यांना कळते. शिवण हे बायकी काम, ही समजूतही सोडावयास हवी. गावोगावचे शिंपी बहुतेक पुरुषच होते; संत नामदेवही शिंपीच. सुई पैसे मिळवू लागली की पुरुषाच्या हाती जाते आणि घरात राहिली की बाईच्या, असा हा भेद आहे. तेव्हा मुलांनीही गोधडीचे चार टाके घातले तर काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट शाळेत करता येईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना आहे. त्या दिवसांत मुलांनी गावातील कारागिरांजवळ बसून शिकावे, असा तिचा हेतू आहे. कारागीर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सुतार, कुंभार, माळी येतात. गोधडी शिवणारी आजी त्या यादीत नसते. तिला मानाने बोलावून, मानधन देऊन वर्गात बसविले तर मुलांना भूमिती, रंगसंगती आणि काटकसर एकाच कापडावर शिकता येईल. आणि आपल्या आजीला काहीतरी येते, हे त्यांना प्रथमच कळेल.

तिसरी गोष्ट नावाची. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो. गोधडीवर नाव टाकण्याची चाल आपल्याकडे नाही. म्हणून आजोबांची पगडी ओळखता येते, पण चळतीतील कोणती गोधडी पणजीची आणि कोणती चुलत आजीची, हे दोन पिढ्यांत विसरले जाते. कोपऱ्यात चार टाक्यांत नाव आणि साल घालण्यास काहीच खर्च येत नाही. ज्या वस्तूवर नाव असते तिच्यासाठी लागलेला वेळ वाया गेला, असे म्हणण्यास पुढच्यांची जीभ रेटत नाही. गावच्या वाचनालयाने वर्षातून एकदा, होळी आणि पाडव्याच्या सुमारास, अशा नावानिशी गोधड्या मांडाव्यात. बक्षिसाची स्पर्धा नको, केवळ पाहणे पुरे.

चौथी गोष्ट ग्राहकाची. हाताची गोधडी घेताना घासाघीस करणाऱ्याने तासांचा हिशेब विचारावा. आपल्या एका दिवसाच्या पगाराशी तो ताडून पाहिला तर मागितलेला भाव बहुधा कमीच वाटेल.

या सूचना लहान आहेत आणि त्यांनी गोधडीचा जुना काळ परत येणार नाही. तो यावा अशी अपेक्षाही नाही. ज्यांना शिवावयाची नाही त्यांनी बाजारातून ब्लँकेट आणावे. त्यात उणेपणा नाही. एके काळी शिवणे सक्तीचे होते, आज ते ऐच्छिक झाले, ही प्रगतीच आहे. परंतु ऐच्छिक या शब्दाला अर्थ येण्यासाठी इच्छा पुरी करण्यापुरता वेळ हाती असावा लागतो. तो नसेल तर जुनी सक्ती गेली आणि नवे स्वातंत्र्य आलेच नाही, असे म्हणावे लागेल.

कला आणि काम यांचा तोल कसा साधावा, असे बाईला विचारणे आता पुरे झाले. तिने तो शेकडो वर्षे साधून दाखविला आहे. तिच्या दिवसातून जे दोनशे मिनिटांचे ओझे उतरावयाचे आहे, त्याला खांदा कोण देणार, हे घरातील इतरांनी सांगावयाचे आहे.